ई-रीडर मिटला की पडद्यावर आपलं चित्र: निवडीपासून फाईल बसवण्यापर्यंत

ई-रीडरची कळ दाबली की पडदा काळा होत नाही. त्यावर एक चित्र येऊन थांबतं आणि पुन्हा कळ दाबेपर्यंत तिथेच राहतं. उशाशी, ओटीवरच्या टेबलावर, गाडीत मांडीवर, वाचत नसतानाही ते दिसत असतं. त्यासाठी बॅटरी खर्च होत नाही. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे रंगकण. वीज लागते ती कण वर-खाली हलवताना. एकदा ते जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी हलत नाहीत. उजळ चित्र जास्त बॅटरी खातं हा समज मोबाइलच्या काही पडद्यांना लागू पडतो, ई-रीडरला नाही.

कंपनीने दिलेल्या ठरावीक चित्रांऐवजी आपलं चित्र लावायचं म्हटलं की कोकणातला माणूस पहिल्यांदा समुद्रातला सूर्यास्त निवडतो. ई-इंकवर सगळ्यांत वाईट दिसणारं चित्र नेमकं तेच. फाईल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची हे पाच मिनिटांचं काम आहे. निकाल ठरतो तो चित्र कोणतं घेतलं आणि कसं तयार केलं यावर. म्हणून आधी चित्राकडे, मग यंत्रांकडे.

एक खुलासा: किंडल आणि कोबो या ई-रीडरांवर मोबाइलसारखा होम स्क्रीनमागचा वॉलपेपर नसतो. तिथे बदलता येतो तो फक्त मिटल्यावरचा पडदा. वॉलपेपर आणि स्क्रीनसेव्हर असे वेगळे पर्याय अँड्रॉइडवर चालणाऱ्या बूक्ससारख्या यंत्रांवरच मिळतात.

कोणतं चित्र शोभेल

काळ्या-पांढऱ्या ई-इंकला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण १६ छटा दाखवता येतात. त्यातला पांढरा हा वहीच्या कागदासारखा शुभ्र नसून वर्तमानपत्राच्या कागदाइतका करडा असतो. मिटलेल्या ई-रीडरचा आतला दिवाही बंद असतो, म्हणजे चित्र खोलीतल्या उजेडावरच दिसायचं.

आता सूर्यास्ताचा विचार करा. त्यातलं सौंदर्य केशरी, गुलाबी आणि जांभळ्या रंगांत आहे. रंग काढून घेतले की हे तिन्ही जवळपास एकाच करड्या छटेत येतात. वर आकाश हळूहळू फिकट होत जातं. तो उतार दाखवायला शेकडो छटा लागतात, पडद्याकडे त्यातल्या चार-पाचच उपलब्ध. परिणामी आकाशात आडवे पट्टे पडतात. मुरूडला राजपुरीच्या किनाऱ्यावरून दुपारच्या धुरकट हवेत घेतलेल्या जंजिऱ्याच्या फोटोची हीच गत होते: तट, पाणी आणि आकाश एकमेकांत मिसळतात. तोच किल्ला पाऊस उघडल्यावर, स्वच्छ हवेत, बुरुजांवर तिरपं ऊन असताना घेतला तर उत्तम दिसतो.

रेषा, पोत आणि ठळक उजेड-सावली यांवर उभी असलेली चित्रं या पडद्याला मानवतात, आणि अशा चित्रांची कोकणात कमतरता नाही.

पहिला मान कातळशिल्पांचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेल्या या आकृत्या मुळातच रेषाचित्रं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी ही त्यांतली काही ठिकाणं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. फोटो सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी घ्या. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेच्या एका काठावर सावली पडते आणि रेषा उठून दिसते. भर दुपारी तीच रेषा कातळात विरून जाते. रेषा उठाव्यात म्हणून त्यांत रांगोळी, चुना किंवा खडूची पूड भरू नका. कोरीवकामाला त्याने इजा होते, आणि कॉन्ट्रास्ट तर नंतर कॉम्प्युटरवर वाढवता येतोच. कशेळीच्या हत्तीसारखी शिल्पं कित्येक मीटर लांबीची आहेत. उभ्याने घेतलेल्या फोटोत ती तिरकी आणि आक्रसलेली येतात, म्हणून अख्ख्या आकृतीचा हट्ट न धरता तिच्यातला एखादा भाग जवळून घ्यावा.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीचा गंजिफा यांचाही असाच फायदा होतो. चित्रकथीतली माणसं ठळक बाह्यरेषेत बांधलेली असतात. रंग गेले तरी डोळे, नाक, मुकुट जागेवर राहतात. गंजिफा म्हणजे जुने पत्ते, त्यांचं पान गोल. उभ्या पडद्यावर एकच पान मध्यभागी ठेवून भोवती फिकट जागा सोडली की चित्र नीट बसतं. दशावतारी गंजिफ्यात १० रंगांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात, तेव्हा एका संचात वर्षभराची सोय. अर्थात ही कलाकारांची निर्मिती आहे. आपल्या यंत्रावर लावणं वेगळं आणि फाईल गटागटांतून वाटत सुटणं वेगळं. डहाणूकडची वारली चित्रं गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची असतात. ती उलट करून, म्हणजे पांढऱ्यावर काळी करून लावलेली बरी. कारण पुढे येईल.

फोटोंपैकी हमखास चालणाऱ्या गोष्टी: जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, कौलांच्या ओळी, वाळत घातलेली जाळी, आकाशाच्या पार्श्वभूमीवर माडाच्या झावळ्या, पोफळीच्या बागेतले सरळसोट खोड, ओहोटीनंतर वाळूत उमटलेल्या लाटांच्या वळ्या, लावणी झालेल्या खाचरांचे बांध. फसणाऱ्या गोष्टी: धुकं, रात्रीचे फोटो, गर्दीचा बाजार, हिरव्या झाडीसमोर उभा असलेला सावळ्या चेहऱ्याचा माणूस. घरच्यांचा फोटो लावायचाच असेल तर मागे पांढरी भिंत असलेला निवडा.

शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये फोटो उघडा, रंग काढा आणि 'कलर्स' मेनूतल्या 'पोस्टराइझ'मध्ये १६ हा आकडा द्या. पडद्यावर साधारण काय दिसेल ते समोर येतं. इथेच पट्टे पडले तर पुढची मेहनत त्या फोटोवर घालवू नका.

पडद्याचं माप

चित्र पडद्याच्या नेमक्या पिक्सेलमापाचं हवं. नेहमी आढळणारी यंत्रं अशी, रुंदी आधी:

- ६ इंची किंडल (२०२२), किंडल पेपरव्हाइट २०१५ आणि २०१८, कोबो क्लारा एचडी, क्लारा बीडब्ल्यू: १०७२ × १४४८
- साधं किंडल २०१९: ६०० × ८००
- पेपरव्हाइट २०२१, ६.८ इंची: १२३६ × १६४८
- पेपरव्हाइट २०२४, कोबो लिब्रा २, लिब्रा कलर, ७ इंची: १२६४ × १६८०
- कोबो सेज, ८ इंची: १४४० × १९२०
- किंडल स्क्राइब, १०.२ इंची: १८६० × २४८०

सगळी मापं ३:४ या प्रमाणाच्या आसपास आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा ४:३ हा पर्याय उभा धरून घेतला तर फोटो जवळजवळ तसाच बसतो. १६:९ किंवा 'फुल' ठेवून घेतलेल्या फोटोचा वरचा-खालचा भाग कापावा लागतो, आणि त्यात माडाचा शेंडाच जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लहान पडद्यांच्या पिक्सेलमापाला पुरतो, पण दाबून लहान केलेला असतो. सपाट भागांत चौकोनी ठिपके पडलेले असतात आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की ते उघडे पडतात. मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. आयफोनच्या हेइक प्रकारातल्या फाईली आधी जेपेगमध्ये बदलून घ्या.

चित्र तयार करणं

पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आकार बदलण्याआधी धार वाढवली किंवा ठिपके पाडल्यावर आकार बदलला तर सगळं बिघडतं.

१. गिंपमध्ये फोटो उघडताना तो फिरवायचा का असं विचारलं तर 'रोटेट' म्हणा. मोबाइल पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि 'उभा दाखवा' अशी खूण सोबत जोडतो. ई-रीडर ती खूण वाचेलच असं नाही. मग चित्र आडवं पडतं.

२. क्रॉप टूल घ्या, 'फिक्स्ड' वर खूण करून 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडा आणि आपल्या यंत्राचं माप तसंच लिहा, उदाहरणार्थ १२६४:१६८०. मग चौकट हवी तिथे सरकवून कापा. क्षितिज तिरकं असेल तर ते आधी सरळ करा. समुद्राची तिरकी रेघ रंगीत फोटोत खपून जाते, करड्या चित्रात डोळ्यात भरते.

३. 'कलर्स'मधल्या 'डीसॅच्युरेट'ने रंग काढा आणि 'ल्युमिनन्स' हा पर्याय ठेवा. 'इमेज'मधल्या 'मोड'ला अजून हात लावू नका, चित्र आरजीबीत, म्हणजे रंगीत मोडमध्येच राहू द्या.

४. 'कलर्स'मधलं 'लेव्हल्स' उघडा. खरा फरक इथे पडतो. सुरुवात म्हणून डावा काटा १२, उजवा २४० आणि मधला १.२५ ठेवून बघा. मधला काटा वाढवला की मधल्या छटा उजळतात. कॉम्प्युटरवर चित्र थोडं जास्तच उजळ वाटलं पाहिजे. ई-रीडरच्या करड्या पांढऱ्यावर ते बरोबर दिसतं. जांभ्याच्या भिंतीसारख्या मुळातच काळपट विषयाला मधला काटा १.४ पर्यंत न्यावा लागतो.

५. 'इमेज'मधल्या 'स्केल इमेज'मध्ये नेमकं पिक्सेलमाप द्या. लहान फोटो ताणून मोठा करण्यात अर्थ नाही.

६. 'फिल्टर्स', 'एन्हान्स', 'शार्पन'. रेडियस १ ते १.५, अमाउंट ०.५. यापुढे गेलात तर झावळ्यांच्या कडेला पांढरी किनार दिसू लागते.

७. आता १६ छटांचं काम. पुढचा रंग काळा आणि मागचा पांढरा ठेवा. 'पॅलेट्स'च्या खिडकीत उजवं बटण दाबून 'इम्पोर्ट पॅलेट' घ्या, ग्रेडियंट म्हणून पुढच्या रंगाकडून मागच्या रंगाकडे जाणारा निवडा आणि रंगांची संख्या १६ द्या. ०, १७, ३४ असं १७-१७ ने वाढत २५५ पर्यंत जाणारं पॅलेट तयार होतं. ते एकदाच करावं लागतं.

८. 'इमेज', 'मोड', 'इंडेक्स्ड'. 'कस्टम पॅलेट' म्हणून नुकतंच केलेलं निवडा, न वापरलेले रंग काढण्याची खूण काढून टाका आणि 'डिदरिंग'ला फ्लॉइड-स्टाइनबर्ग द्या. आकाशातले पट्टे जाऊन त्यांच्या जागी बारीक ठिपके येतील. ३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचामागे ३०० पिक्सेल असलेल्या पडद्यावर ते हातभर अंतरावरून दिसत नाहीत.

९. पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. जेपेग नको, त्याच्या दाबण्यात ठिपक्यांचा चिखल होतो.

सातवी-आठवी पायरी फक्त तिथेच करायची जिथे यंत्र चित्राला हात न लावता जसंच्या तसं दाखवतं, म्हणजे कोबोचा फोल्डर किंवा केओरीडर हा वाचनप्रोग्रॅम (दोन्ही पुढे येतील). किंडलला कव्हर म्हणून पाठवायच्या चित्रात ठिपके पाडू नका. वाटेत त्याचा आकार आणि दाब बदलतो आणि ठिपक्यांमधून जाळीदार पट्टे उमटतात. तिथे सहाव्या पायरीनंतर मोड 'ग्रेस्केल' करून चांगल्या प्रतीचं जेपेग ठेवावं. कातळशिल्पाच्या रेषा किंवा चित्रकथी असेल तर कुठेच डिदरिंगची गरज नाही. उलट सपाट पांढऱ्या जागेत ठिपके आले की चित्र मळकट दिसतं.

रंगीत पडदा असेल, जसा लिब्रा कलरचा, तर तिसरी, सातवी आणि आठवी पायरी गाळा. या कॅलिडो ३ पडद्याला ४०९६ रंग दाखवता येतात, पण रंगाची बारकाई १५० पीपीआय आणि वरच्या रंगगाळणीमुळे उजेड कमी. सॅच्युरेशन चांगलंच वाढवा. मोबाइलवर भडक वाटणारं चित्र इथे साधं दिसतं. केळीची हिरवाई किंवा कोकमाचा लाल उतरतो. सूर्यास्त इथेही फिकाच पडतो.

कॉम्प्युटर नसेल तर स्नॅपसीडमध्ये क्रॉप, ब्लॅक अँड व्हाइट आणि थोडं डीटेल्स एवढ्यावरही काम भागतं. १६ छटांची पायरी मात्र राहून जाते.

चित्रावर मराठी अक्षरं

ई-रीडर गाडीत किंवा एसटीत विसरला आणि त्याला पासवर्ड लावलेला असेल, तर सापडणाऱ्याला तो उघडता येणार नाही. पण मिटलेल्या पडद्यावरचं वाचता येतं. म्हणून एका कडेला 'सापडल्यास कृपया कळवा' आणि एक फोन नंबर घालणं उपयोगाचं. पत्ता घालू नका.

३०० पीपीआयवर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. मजकुराची अक्षरं किमान ४५ पिक्सेलची ठेवा, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार ठिपक्यांत हरवतात. फॉन्ट जाड हवा. मुक्ताचं मीडियम किंवा बोल्ड वजन चांगलं चालतं. ग्रंथासारखा तोंडवळा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. काही फॉन्टांत हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि आपल्याला ती लगेच खटकतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलत्या अक्षरावर बसत असेल, तर टाइपच्या पसंतींमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' चालू करा. गिंपमध्ये तो प्रश्न येत नाही.

मजकूर सहाव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये घाला, शुद्ध काळ्यात किंवा शुद्ध पांढऱ्यात. या दोन छटांना ठिपके लागत नाहीत, त्यामुळे शिरोरेषा अखंड राहते. झावळ्यांसारख्या गजबजलेल्या जागेवर अक्षरं लिहायची असतील तर मागे पांढरी पट्टी द्या.

कोबो: सगळ्यांत सोपं

कोबोवर ही सोय आधीपासून आहे. काही तोडफोड करावी लागत नाही.

१. यंत्र यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा आणि 'कनेक्ट' दाबा.

२. ड्राइव्ह उघडून लपलेले फोल्डर दिसू द्या. विंडोजमध्ये 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स', मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र, लिनक्सवर कंट्रोल आणि एच.

३. नावाच्या आधी टिंब असलेला कोबो नावाचा फोल्डर दिसेल. त्याच्या आत 'स्क्रीनसेव्हर' नावाचा नवा फोल्डर करा. नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा न सोडता, एकवचनी. चित्र न दिसण्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा इथलीच चूक असते: शेवटी एक जादा अक्षर लावलेलं असतं, किंवा फोल्डर टिंबवाल्या फोल्डरच्या बाहेर केलेला असतो.

४. त्यात पीएनजी किंवा जेपेग चित्रं टाका. फाईलींची नावं साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. टिंबवाल्या फोल्डरमधल्या बाकी कशालाही हात लावू नका. तुमच्या पुस्तकांची सगळी नोंद तिथे असते.

५. 'इजेक्ट' करूनच वायर काढा.

६. यंत्रावर 'सेटिंग्ज', 'एनर्जी सेव्हिंग अँड प्रायव्हसी' इथे जाऊन चालू पुस्तक दाखवण्याचा आणि कव्हर पूर्ण पडदाभर दाखवण्याचा, असे दोन्ही पर्याय चालू करा. माहितीची पट्टी दाखवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर ती तुमच्या चित्रावर बसते.

फोल्डरमध्ये अनेक चित्रं असली तर यंत्र दर वेळी त्यांतलं कोणतंही एक उचलतं. क्रम ठरवता येत नाही. एकच हवं असेल तर एकच ठेवा. पुस्तकाचं कव्हर परत हवं झालं तर फोल्डरचं नाव बदलून टाका, चित्रं पुसायची गरज नाही. फॅक्टरी रिसेट केलं की फोल्डर जातो, म्हणून तयार चित्रांची एक प्रत दुसरीकडे असू द्या.

चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये वीज जाणं हा पावसाळ्यातला खरा धोका. डेस्कटॉप कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर यंत्राच्या साठ्यातली फाईलरचना बिघडू शकते. जून ते सप्टेंबरात हे काम लॅपटॉपवर करा. ओटीजी जोडणीने बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवरूनही होतं; मोबाइलच्या फाईल अ‍ॅपमध्ये लपलेल्या फाईली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो.

केओरीडर असेल तर

कोबो, पॉकेटबुक किंवा जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं काढून टाकलेल्या किंडलवर केओरीडर हा मोफत वाचनप्रोग्रॅम बसवलेला असेल तर सगळ्यांत जास्त मोकळीक तिथे आहे. वरच्या मेनूत चाकाच्या चिन्हाखाली 'स्क्रीन', त्यात 'स्लीप स्क्रीन', त्यात 'वॉलपेपर'. पुस्तकाचं कव्हर, एकच चित्र, एखाद्या फोल्डरमधलं कोणतंही चित्र, वाचनाची प्रगती, किंवा वाचत असलेलं पान तसंच ठेवणं, यांतलं काहीही निवडता येतं. फोल्डर कुठेही असला तरी चालतो, फक्त तो कुठे आहे ते इथे दाखवून द्यावं लागतं.

चित्राचं प्रमाण जुळत नसेल तर कडेची जागा काळी, पांढरी किंवा मोकळी ठेवण्याचा पर्याय आहे, आणि ताणून बसवण्याचाही. ताणणं टाळा, गंजिफ्याचं पान लंबगोल होतं. चित्रावर संदेशही टाकता येतो. टक्केचिन्हापुढे एक अक्षर जोडून बनलेले संकेत वापरले की पुस्तकाचं नाव, पान, किती टक्के वाचून झालं, बॅटरी किती, हे आपोआप भरलं जातं. संकेतांची यादी संदेश लिहायच्या खिडकीतल्या 'इन्फो' बटणावर मिळते.

किंडल: आडवळणाची वाट

किंडलवर आपलं चित्र थेट लावायची अधिकृत सोय नाही. २०२१ मध्ये आलेली सोय एवढीच: 'सेटिंग्ज', 'डिव्हाइस ऑप्शन्स', 'डिस्प्ले कव्हर' चालू केलं की शेवटी उघडलेल्या पुस्तकाचं कव्हर मिटलेल्या पडद्यावर दिसतं. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या स्वस्त किंडलवर पडद्यावर जाहिराती येतात. अशा यंत्रावर आधी पैसे भरून जाहिराती काढाव्या लागतात.

यावर दोन तोडगे आहेत. बहुतेक ठिकाणी सांगितला जातो तो असा: एक छोटं ई-पुस्तक करायचं, त्याला आपलं चित्र कव्हर म्हणून लावायचं आणि यंत्र मिटण्याआधी ते उघडून ठेवायचं. चालतं, पण रोज वाचून झाल्यावर ते पुस्तक उघडण्याचा उपद्व्याप आठवडाभरात सुटतो.

त्यापेक्षा जे पुस्तक वाचताय त्याचंच कव्हर बदला. स्वतःकडे असलेल्या, कुलूप नसलेल्या ईपब (ई-पुस्तकांचा एक फाईलप्रकार) फाईलींना हे करता येतं. किंडल स्टोअरवरून घेतलेल्या पुस्तकांना नाही.

१. कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये ईपब घ्या. (कोरं पुस्तकच करायचं असेल तर 'अ‍ॅड एम्प्टी बुक'मध्ये ईपब निवडा आणि आत दोन-चार ओळी तरी लिहा.)

२. 'एडिट मेटाडेटा'मध्ये 'ब्राउझ'ने कव्हर म्हणून तुमचं जेपेग द्या. माप पडद्याचंच असू द्या, म्हणजे कडेला पट्ट्या राहत नाहीत.

३. पुस्तक निवडून 'पॉलिश बुक्स' चालवा आणि 'अपडेट द कव्हर' वर खूण करा. ही पायरी विसरली तर कव्हर कॅलिबरच्या यादीत बदललेलं दिसतं, पण फाईलच्या आत जुनंच राहतं.

४. ईपब 'सेंड टू किंडल'च्या वेबपानावरून पाठवा. मोबी या जुन्या प्रकारातल्या फाईली तिथे आता घेतल्या जात नाहीत, ईपब २०२२ पासून घेतल्या जातात.

५. किंडलवर पुस्तक उतरवा, एकदा उघडा, मग कळ दाबून पाहा.

तेच पुस्तक आधी पाठवलेलं असेल तर जुनी प्रत किंडलवरून आणि खात्यातूनही काढा, मगच नवी पाठवा. दोन सारख्या प्रती राहिल्या की जुनीच उघडली जाते आणि चित्र बदललंच नाही असं वाटतं.

जेलब्रेकची वाट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या विंटरब्रेक पद्धतीने अनेक यंत्रं उघडली, पण नंतरच्या अपडेटने ती वाट बंद झाली. केवळ चित्रासाठी त्यात पडू नये असं आमचं मत. वॉरंटीचा प्रश्न येतो आणि पुढे अपडेट रोखून धरावे लागतात. केओरीडर हवाच असेल तर गोष्ट वेगळी.

पॉकेटबुक आणि बूक्स

पॉकेटबुकवर चित्र गॅलरीत उघडून मेनूतून बंद पडद्याचं चित्र म्हणून लावता येतं, आणि सेटिंग्जमध्ये 'पर्सनलाइझ'खाली ते निवडता येतं. बूक्सवर सेटिंग्जमध्ये स्क्रीनसेव्हर आणि यंत्र पूर्ण बंद असतानाचं चित्र वेगवेगळं ठेवता येतं. माप आणि तयारी वर सांगितली तशीच.

उघडल्यावर मागे राहणारी सावली

यंत्र उघडलं, पुस्तकाचं पान आलं, पण त्यामागे किल्ल्याचा तट पुसटसा दिसतोय. याला घोस्टिंग म्हणतात. पडदा कायमचा खराब झाला असं समजून घाबरू नका. रंगकण पूर्णपणे जागा न बदलता काही मागे रेंगाळतात, इतकंच. पडद्याचा मोठा भाग काळा असेल तर हे जास्त होतं. वारली चित्र उलट करायला सांगितलं ते यासाठी. चित्रातला निम्म्याहून जास्त भाग फिकट ठेवा. तरीही सावली राहिली तर दोन-तीन पानं उलटा, किंवा किंडलच्या वाचनाच्या पर्यायांत 'पेज रिफ्रेश' चालू करा. केओरीडरमध्ये दर किती पानांनी पूर्ण रिफ्रेश करायचा ते ठरवता येतं. ६ ठेवून बघा.

खारी हवा आणि यूएसबीचं तोंड

चित्रं बदलायची हौस लागली की यंत्र वरचेवर वायरला जोडलं जातं, आणि किनाऱ्यावर बिघडतं ते नेमकं जोडणीचं तोंड. खारट दमट हवेत त्याच्या पिना गंजतात. मग चार्जिंग होतं पण कॉम्प्युटरला यंत्र दिसत नाही. असं झालं तर आधी दुसरी वायर लावून बघा, कारण काही वायरी फक्त चार्जिंगच्याच असतात. चित्रं एकदम दहा-पंधरा तयार करून एकाच खेपेत टाका.

२०१८ पासूनच्या पेपरव्हाइटला पाण्यापासून संरक्षणाचं आयपीएक्स८ मानांकन आहे: गोड्या पाण्यात २ मीटर खोलीवर ६० मिनिटं. समुद्राच्या पाण्यासाठी मर्यादा फक्त ०.२५ मीटर आणि ३ मिनिटं. मालवणला होडीतून सिंधुदुर्गाकडे जाताना लाट अंगावर आली तर यंत्र गोड्या पाण्याने धुवा, तोंड खाली करून वाळू द्या आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत वायर लावू नका. पुसताना मऊ ओलसर कापड वापरा. मिठाचे कण कोरड्या कापडाने घासले की पडद्यावर ओरखडे येतात.

गणपती झाल्यावर यंत्र गावच्या घरी ठेवून परत जाणार असाल तर चित्र तसंच राहिलं म्हणून पडद्याला इजा होत नाही. बॅटरी मात्र निम्म्यावर आणून ठेवा, वाय-फाय बंद करा, आणि कापडी कव्हर काढून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी आधी कव्हरला लागते.